मोटारसायकलचे तेल : पाच मिनिटांचा हिशेब

मागाला तेल कमी पडले तर तो खडखडू लागतो आणि मालक धावत येतो. पण ज्या मोटारसायकलवर आपण रोज तागे वाहतो, तिच्या तेलाकडे महिनोन् महिने कोणी पाहत नाही. आम्हीही पाहत नव्हतो.

2012 सालची गोष्ट. लग्नसराईचे दिवस होते. मागे नमुन्यांचा गठ्ठा बांधून आम्ही मालेगावहून धुळ्याला निघालो. झोडग्याच्या पुढे गाडीची ताकद कमी झाली, इंजिनातून खरखर आवाज आला आणि गाडी जाम झाली. टेम्पोत टाकून परत आणली. मिस्त्रीने खालचा नट खोलला, तर पाव लिटरही तेल उतरले नाही. पिस्टन घासून सिलिंडरला चिकटला होता. दुरुस्तीचा खर्च झाला तो झाला, पण धुळ्याचा ग्राहक वाट पाहून दुसऱ्याकडे गेला. गळती कोठेच नव्हती. तेल थोडे थोडे जळत होते आणि आम्ही गाफील होतो.

याला कारण जुनी सवय. आमच्या पिढीचा हात टू-स्ट्रोक स्कूटरवर बसला. तिच्यात पेट्रोलबरोबरच तेल मिसळत असू, म्हणून पिस्टनला ते आपोआप मिळे. 1985 साली हिरो होंडा सीडी 100 आली आणि फोर-स्ट्रोक गाड्यांचा जमाना सुरू झाला. पेट्रोल भरा आणि विसरा, अशी तिची जाहिरात होती. ती गोष्ट पेट्रोलच्या बचतीची होती; आपण तेलही विसरलो. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच तेल पुरते. 100 ते 125 सीसीच्या गाडीत ते साधारण एक लिटर असते. त्यातले पाव लिटर जळाले तरी चौथा हिस्सा गेला असे समजा.

तपासण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर सरळ उभी करा. साइड स्टँडवर तेल एका बाजूला जाते आणि माप चुकते. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटे थांबा, म्हणजे वरचे तेल खाली उतरेल. मग तेलाची पट्टी काढून स्वच्छ फडक्याने पुसा, पुन्हा आत घालून बाहेर काढा. पुष्कळ गाड्यांत मापताना पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहून घ्यावे. तेल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवे. काही गाड्यांत पट्टीऐवजी काच असते, तिच्यावरही अशाच दोन खुणा असतात.

कमी असेल तर थोडे थोडे घाला आणि पुन्हा मापा. वरच्या खुणेपलीकडे भरू नका. जादा तेलाला फेस येतो, ते एअर फिल्टरपर्यंत चढते आणि सीलवर जोर पडतो. स्वस्त मिळते म्हणून मोटारीचे तेल घालू नये, त्याने क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ लिहिलेले आणि पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचेच तेल घ्यावे.

पट्टीवरचे तेल नीट पाहा. काळे झाले म्हणजे लगेच बिघाड नव्हे, पण दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी गेले आहे. चमकणारे कण दिसले किंवा धुरांड्यातून निळसर धूर येऊ लागला तर मिस्त्रीला दाखवा. आणि लक्षात ठेवा, वरून भरत राहणे म्हणजे तेल बदलणे नव्हे. ठरलेल्या किलोमीटरवर जुने तेल काढलेच पाहिजे.

आम्ही आता दर शुक्रवारी सकाळी, दुकान उघडण्याआधी, पट्टी काढून पाहतो. पाच मिनिटेही लागत नाहीत. व्यापारी आणि कारीगर बंधूंनी उधारीच्या वहीबरोबर हाही हिशेब आठवड्यातून एकदा पाहावा. वहीतली चूक नंतर दुरुस्त करता येते, रस्त्यात जाम झालेल्या गाडीवरून गेलेला ग्राहक परत येत नाही.