माइनक्राफ्ट आणि ॲपलची नवी चिप

नोव्हेंबर 2020 मध्ये ॲपलने एम1 चिप असलेले मॅक बाजारात आणले. त्याआधीच्या मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर असत. एम1 मात्र एआरएम रचनेची. दोन्हींच्या आज्ञा वेगळ्या, त्यामुळे जुने प्रोग्राम नव्या चिपला थेट कळत नाहीत. म्हणून ॲपलने रोझेटा 2 हा अनुवादक सोबत दिला. बहुतेक प्रोग्रामांचे रूपांतर तो आधीच करून ठेवतो.

माइनक्राफ्ट या खेळाच्या जावा आवृत्तीत हे साधत नाही. जावाचा कोड कोणत्याही एका चिपसाठी नसतो. खेळ चालू असतानाच जावाचे आभासी यंत्र त्यातून चिपच्या आज्ञा घडवते. इंटेलसाठीचे जावा नव्या मॅकवर चालवले, की आधी इंटेलच्या आज्ञा बनतात आणि मग रोझेटा त्या एआरएममध्ये बदलतो, तेही ऐन खेळात. एकच काम दोनदा होते.

सप्टेंबर 2021 च्या जावा 17 मध्ये ॲपलच्या चिपसाठी अधिकृत सोय आली, पण तेवढ्याने भागले नाही. खिडकी, चित्र, आवाज, माउस हे सारे एलडब्ल्यूजेजीएल ही लायब्ररी सांभाळते आणि तिचे काही भाग थेट यंत्रभाषेत असतात. एकाच चालू प्रोग्राममध्ये इंटेल आणि एआरएमचा कोड एकत्र नांदत नाही. म्हणून तेही नव्याने बांधावे लागले. जाणकार खेळाडूंनी हे भाग स्वतः बदलून खेळ आधीच चालवून दाखवला, हे खरोखर कौतुकाचे. खेळाच्या 2022 च्या 1.19 आवृत्तीत ती सोय अधिकृतपणे मिळाली. इंटेलसाठीचे यंत्रभाषेतले भाग सोबत आणणारी जुनी मॉड, म्हणजे खेळात बदल करणारी जोडणी, मात्र एआरएमच्या जावावर अडतात.