प्रीअँप घेण्याआधी कार्ट्रिज बघा

"टर्नटेबलची वायर अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये घातली, आवाज वाढवला, की झालं." तबकड्यांचा नाद नव्याने लागलेल्यांचा हा सर्वांत लाडका गैरसमज. तसं करून बघा. व्हॉल्यूम कितीही चढवला तरी डग्गा हरवलेलाच राहतो आणि झांजा कानाला टोचतात.

कारण तबकडीवर संगीत जसंच्या तसं कोरलेलं नसतं. खर्जाला सुईची हालचाल मोठी लागते. ती तशीच कोरली तर खाचा रुंद होतात आणि एका बाजूला कमी मिनिटं मावतात. वरच्या पट्टीत त्रास वेगळा, तिथे तबकडीची खरखर गाण्यावर मात करते. म्हणून खर्ज दाबून आणि वरचे सूर चढवून कोरतात. आरआयएए या अमेरिकन संघटनेने १९५४ मध्ये याचं प्रमाण ठरवलं: १,००० हर्ट्‌झच्या तुलनेत २० हर्ट्‌झला सुमारे १९ डेसिबल कमी, २०,००० हर्ट्‌झला जवळपास २० डेसिबल जास्त. फोनो प्रीअँप हे सगळं उलटवतो. आवाज मोठा करणं हे त्याचं अर्धंच काम.

"वेगळा प्रीअँप हवाच." आधी टर्नटेबलच्या मागे बघा. फोनो-लाइन असा खटका असेल तर प्रीअँप आतच आहे. खटका लाइनवर आणि वायर अँप्लिफायरच्या फोनो सॉकेटमध्ये, असं झालं तर ही उलटी दुरुस्ती दोनदा होते. खर्ज फुगतो, आवाज फाटतो.

"गेन जास्त तेवढा बरा." हे कार्ट्रिजवर, म्हणजे सुई बसवलेल्या भागावर, ठरतं. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट देते. तिला ४० डेसिबल, म्हणजे शंभरपट, पुरे. लो-आउटपुट एमसी (मूव्हिंग कॉइल) बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली असते; तिला ६० डेसिबलच्या आसपास, हजारपट लागतं. एमएम कार्ट्रिज वापरणाऱ्याने एमसीच्या सोयीसाठी जादा पैसे का मोजावेत, हे मला कळत नाही.

"प्रीअँपवर ४७ किलोओम लिहिलंय, म्हणजे जुळलं." एमएमसाठी या इनपुट रोधाबरोबर कपॅसिटन्सही बघावी लागते, तीही केबलची धरून. ऑर्टोफॉनच्या टूएम मालिकेला १५० ते ३०० पिकोफॅरड चालते, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ ला १०० ते २००. मर्यादा ओलांडली की वरचे सूर आधी उसळतात, मग एकदम कोसळतात. तेव्हा केबल आखूड बरी.

"घूं आवाज येतो, म्हणजे प्रीअँप भंगार." आधी अर्थची बारीक वायर स्क्रूला नीट कसली आहे का ते पाहा.

"महागडा तोच अचूक." एनई५५३२ ही स्वस्त चिप १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून स्टुडिओंच्या मिक्सरमध्येही राबते आहे. तिच्यावर बेतलेला साधा प्रीअँप घ्यावा आणि उरलेल्या पैशांत झिजलेली सुई बदलावी. फरक तिथे जास्त ऐकू येईल.

आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ गतीच्या तबकड्या असतील, तर मात्र पैसे दुसरीकडे घालावे लागतात. त्यातल्या बहुतेक १९५४ च्या आधीच्या. भोंग्यासमोर गाऊन केलेल्या मुद्रणांना असली दुरुस्ती नव्हतीच. पुढे मायक्रोफोन आला तेव्हा ज्या त्या कंपनीचं प्रमाण निराळं. आरआयएएमधून वाजवल्या की गायकाचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा दबतो. त्यांच्यासाठी प्रमाण बदलता येणारा प्रीअँप हवा, आणि सुई जाड, साधारण ७५ मायक्रॉनची. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते.