वेजात अडलेली तार

पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीतल्या मणी-सामानाच्या दुकानांत हात मुरलेली कारागीर सहज ओळखू येते. नवखं गिऱ्हाईक माळ मनगटावर धरून रंग पाहतं. ही बाई माळेतला एक मणी वेगळा धरते, डोळ्याजवळ नेते आणि ट्यूबलाइटच्या दिशेने त्याच्या वेजातून आरपार बघते. मग पर्समधून तारेचा तुकडा काढून आत घालते. तार सरकली तर माळ टोपलीत, अडली तर परत खिळ्यावर. रंगाचा विचार त्यानंतर.

वेज म्हणजे मण्याला किंवा मोत्याला आरपार पाडलेलं भोक. शब्द जुना, सराफी पेढीवरचा. हौशी कारागिरांच्या बोलण्यात त्याची जागा आता ‘होल’ने घेतली आहे. पण तारेच्या ब्रेसलेटचा निम्मा निकाल तिथेच लागतो. तार किती जाड, ती मण्यातून एकदा जाणार की दोनदा, फास कितपत घट्ट बसणार, हे सगळं आधी वेजाला विचारावं लागतं.

तारेत मणी गुंफणं मराठी घरांना नवं नाही. नथीतले मोती सोन्याच्या बारीक तारेनेच सांगाड्यावर बांधलेले असतात. काळी पोत सोन्याच्या तारेत कडीला कडी जोडून केली जाते. बाळाच्या मनगट्यांत काळे आणि सोन्याचे मणी शेजारी शेजारी बसतात. मनगटावरच्या मोत्यांच्या दागिन्याला तर फुलांचंच नाव मिळालं, गजरा. यातलं रेशमाचं आणि जरीचं काम पटवेकऱ्याचं, तारेचं काम सोनाराचं. रेशीम झिजतं, पण गाठ सोडवून पुन्हा गाठवता येतं. तार वर्षानुवर्षं टिकते, पण झालेली चूक सोडवू देत नाही.

ओवण्याचा हा खटाटोप किती जुना, याचा पुरावा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशात मिळाला. १९५४ ते १९५६ या काळात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्याशी तांब्याचे मणी होते आणि त्यांच्या वेजांत धाग्याचे अवशेष. तपासणीत तो धागा रेशीम आणि कापसाचा असल्याचं दिसलं. एरवी सूत मातीत काही वर्षांत कुजतं; इथे गंजणाऱ्या तांब्याच्या क्षारांनी त्याला राखलं. सिंधू संस्कृतीतल्या चन्हुदडोच्या इवल्याशा मण्यांतही रेशमाचे तंतू सापडल्याचं संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं. एवढा जुना धागा हाती लागला तो मण्याच्या पोटात सुरक्षित राहिला म्हणून.

आजच्या ब्रेसलेटमध्ये जो तांबडा अकीक हौसेने वापरतात, त्याचं मोठं केंद्र म्हणजे गुजरातेतलं खंबायत, आजचं खंभात. कच्चा दगड भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या बाजूचा. तिथल्या डोंगरावर बाबा घोर यांचा दर्गा आहे आणि अकिकाच्या एका जातीला ‘बाबाघोरी’ हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. खाणीतून निघालेला दगड मळकट, पिवळट असतो. आधी त्याला ऊन दाखवतात, मग मातीच्या भांड्यांत घालून हळूहळू भाजतात. दगडातलं लोह तापून तांबडं होतं. दुकानात ‘नॅचरल’ म्हणून मिळणाऱ्या लाल रंगाला बहुधा अशी आच लागलेली असते, आणि त्यात लबाडी काही नाही. सिंधू संस्कृतीचे कारागीरही दगड भाजूनच लाल करत.

खंभातमधली वेज पाडायची पारंपरिक रीत तारकाम करणाऱ्याने समजून घ्यावी अशी आहे. कमानीच्या दोरीने फिरणाऱ्या सामत्याच्या टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण बसवलेले असतात. मणी चिमट्यात पकडायचा, पाणी सोडत राहायचं आणि एका बाजूने अर्ध्यापर्यंत भोक पाडायचं. मग मणी उलटून दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने रेटत नेलं तर बाहेर पडताना तोंडाशी टवका उडतो. पण दोन बाजूंनी निघालेली भोकं मध्यावर अगदी समोरासमोर भेटतीलच असं नाही. केसभर फरक पडला तरी आत पायरी तयार होते. तोंडाशी एक मिलिमीटर दिसणाऱ्या वेजात पाऊण मिलिमीटरची तार अर्ध्यावर थबकते, ती या पायरीमुळे. नवखा माणूस इथे जोर लावतो आणि तार वाकवून बसतो. जाणता मणी उलटून दुसऱ्या तोंडाने प्रयत्न करतो. तेही जमलं नाही तर हिऱ्याची कानस पाण्यात बुडवून आतली पायरी घासतो.

पाण्यात, हे महत्त्वाचं. अकीक म्हणजे बहुतांशी सिलिका. कोरडा घासला की धूळ फुप्फुसात जाऊन बसते. खंभातच्या अकीक कामगारांमधला सिलिकोसिस अनेक अभ्यासांत नोंदला गेला आहे, आणि हा आजार बरा होत नाही. स्वस्त माळेच्या किमतीत ती धूळ धरलेली नसते. घरच्या टेबलावर दोन मणी घासणाऱ्यानेही पाण्याची वाटी आणि मास्क जवळ ठेवावा.

काचेच्या मण्यांची तऱ्हा वेगळी. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरला वितळलेली काच मातीचा लेप दिलेल्या लोखंडी सळईवर गुंडाळून मणी करतात. सळई काढली की वेज तयार. तो सरळ असतो, पण आत मातीची पांढरी भुकटी राहिलेली असते. ती धुतली नाही तर तारेला घासत राहते. आंध्रातल्या पापानायडुपेटला काचेची पोकळ नळी ओढून तिचे बारीक तुकडे पाडत आले आहेत. तिथे वेज नळीतच असतो. जपानी नळीमणी याहून काटेकोर. फुकुयामाच्या मियुकी कंपनीचा ११ नंबरचा डेलिका मणी १.६ मिलिमीटर व्यासाचा, आणि भिंती इतक्या पातळ की वेज जवळपास निम्मी जागा खातो. म्हणूनच बारीक तार त्यातून पुन्हा पुन्हा फिरवता येते.

आता तार. नंबर वाढत जातो तशी ती बारीक होते, कारण हा हिशेब मुळात जंतराच्या, म्हणजे तार ओढायच्या पट्टीच्या, भोकांतून तार ओढण्याच्या पायऱ्यांचा. घोळ असा की मोजण्या दोन आहेत. अमेरिकन मोजणी १८५७ सालची, ब्राउन अँड शार्प कंपनीची. ब्रिटिश मोजणी १८८४पासून तिकडे कायदेशीर झाली. परदेशी क्राफ्ट वायरच्या रिळावर बहुधा अमेरिकन नंबर असतो, आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात ब्रिटिश. अमेरिकन २२ नंबर म्हणजे ०.६४ मिलिमीटर, ब्रिटिश २२ म्हणजे ०.७१. वेज ०.७ मिलिमीटरचा असेल तर पहिली तार जाते, दुसरी तोंडाशीच अडते. मण्याला नावं ठेवण्याआधी रिळ बघावं. त्याहून बरं म्हणजे नंबर विसरून व्हर्नियरने मिलिमीटर मोजावेत. मोत्यांसाठी तर ते हवंच. त्यांचा वेज पुष्कळदा ०.६ ते ०.८ मिलिमीटरच असतो.

प्रत्येक मण्याच्या दोन्ही टोकांना गुंडाळी-फास घालून कड्या जोडायच्या असतील तर हिशेब आधीच मांडता येतो. तार ०.६४ मिलिमीटरची, मणी सहाचा, फासाचा आतला व्यास तीन. एका फासाला साधारण ११ मिलिमीटर तार लागते आणि त्याच्या तीन वेढ्यांना १२. दोन्ही बाजू, मणी, मान आणि पकडीला धरायची शेपटं मिळून एका मण्यामागे जवळपास आठ सेंटिमीटर. अशी एक कडी भरते १७ मिलिमीटर. नऊ कड्या आणि दोन सेंटिमीटरचा हूक घेतला की साधारण सव्वासतरा सेंटिमीटरचं ब्रेसलेट होतं. तार लागते पाऊण मीटर, बिघडलेल्या फासांचे तुकडे धरून एक.

इथे धातूचा स्वभाव आडवा येतो. तांबं असो की ९२.५ टक्क्यांची चांदी, प्रत्येक वाकणीला तार थोडी कडक होते. त्याच जागी ती पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवली की तुटते. सुटी तार तापवून पुन्हा नरम करता येते. मणी आत गेल्यावर तो मार्ग बंद, कारण आचेने मोती करपतो आणि काच तडकते. म्हणून फासाची वाकणी एकदाच, आणि पकडीच्या टोकावर मार्करने खूण करून. अठराही फास मग एकाच मापाचे उतरतात. कडकपणाचा फायदाही असतोच. वेढे घातल्यावर फास नायलॉनच्या पकडीत हलकेच दाबला की तो सहजी उघडत नाही.

ज्याला वेढे नको त्याच्यासाठी गिअर वायर आहे. नायलॉनच्या वेष्टनात पोलादी तारांचा पीळ, ७, १९ किंवा ४९ पदरांचा. पदर जास्त तितकी तार लवचीक. टोकाला गिअर लॉक, म्हणजे चेपून बसवायचा बारीक धातूचा मणी. तो साध्या पकडीने चेपणाऱ्यांची संख्या अजूनही मोठी आहे, आणि माळा तुटण्याची तक्रारही मुख्यत्वे त्यांचीच. दोन खाचांच्या पकडीत आधी मधोमध घडी घालून दोन्ही तारा वेगळ्या करायच्या, मग दुसऱ्या खाचेत गोल दाबायचं. मणी मात्र गच्च आवळू नयेत. एक-दोन मिलिमीटर ढील ठेवली नाही तर ब्रेसलेट काठीसारखं उभं राहतं आणि दगडी मण्याच्या धारदार तोंडाशी वेष्टन कापलं जातं.

मापाची चूक मात्र मुरलेल्या हातांकडूनही होते. ओळ मण्यांच्या मध्यातून जाते, मनगट आतल्या कडेला टेकतं. त्यामुळे आतला घेर मण्याच्या व्यासाच्या सव्वातीन पटीहून थोड्या कमी मापाने घटतो. चार मिलिमीटरच्या मण्यांत ही घट सव्वा सेंटिमीटर, दहाच्या मण्यांत तीन सेंटिमीटरहून अधिक. सोळा सेंटिमीटरच्या मनगटाला एक सेंटिमीटर सैल हवं असेल, तर दहाच्या मण्यांची ओळ वीस सेंटिमीटर ओवावी लागते. टेबलावर ती बेढब लांब वाटते, मनगटावर नेमकी बसते.

शेवटी टोकं. कापलेल्या तारेचं टोक वेढ्याच्या आत दाबल्यावर बोटाला लागत नाही, म्हणून ते गुळगुळीत झालं असं नसतं. जुन्या रेशमी साडीचा तुकडा घेऊन सगळ्या कड्यांवरून दोन्ही दिशांनी ओढावा. एखादा धागा उचलला गेला की त्या कडीवर पुन्हा कानस फिरवायची.