दाखवायचं पत्र, जाळायचं पत्र

१३ ऑगस्ट १८०४. भूमध्य समुद्रात 'व्हिक्टरी' जहाजावर ॲडमिरल नेल्सन पत्र लिहितो आहे. उजवा हात १७९७मध्ये तेनेरीफच्या हल्ल्यात गेलेला, त्यामुळे अक्षर डाव्या हाताचं. पत्र लेडी एमा हॅमिल्टनला आहे, पण भाषा अशी की शेजारी वकील बसला असावा. आशय असा : इटली सोडण्यापूर्वी मी आपल्याला सांगितलं होतं की विलक्षण परिस्थितीत एक मूल माझ्या हवाली झालं आहे. आपण इंग्लंडला आल्यावर ती होरेशिया मी आपल्याला दाखवली, आपला तिच्यावर जीव जडला, सर विल्यमनाही ती फार आवडली. आता तिला नुसत्या दाईजवळ ठेवण्याचं वय राहिलं नाही. तिच्या शिक्षणासाठी आपलं साहाय्य हवं.

ज्या बाईला ही विनंती केली, तीच त्या मुलीची आई होती. आणि लिहिणारा बाप.

होरेशियाचा जन्म जानेवारी १८०१च्या अखेरीस लंडनमध्ये पिकॅडिलीवरच्या हॅमिल्टनांच्या घरात झाला. एमाचे पती सर विल्यम हयात होते, नेल्सनची पत्नी फॅनीही. नेल्सन तेव्हा ताफ्याबरोबर डेव्हनच्या किनाऱ्यावर. टपाल वाटेत फोडलं जाईल ही धास्ती, म्हणून त्याने 'टॉमसन' नावाचा एक खलाशी जन्माला घातला. टॉमसनची बायको बाळंत झाली आहे, तो आनंदाने वेडा झाला आहे, त्याचे निरोप मी कळवतो आहे, असा तो खेळ. एका पत्रात तर बाळाचे आईबाप म्हणून 'जोहेम आणि मोराटा एटनॉर्ब' अशी नावं सुचवली. आडनाव रोमन लिपीत उलटं वाचलं की 'ब्रॉन्टे', म्हणजे नेपल्सच्या राजाने नेल्सनला दिलेली डचीची पदवी; उरलेली अक्षरं जुळवली की 'होरेशियो' आणि 'एमा'. गुपित राखणाऱ्या माणसाला गुपिताशी खेळल्याशिवाय राहवत नाही, असं मला हे कोडं सोडवताना वाटलं.

१ मार्च १८०१चं पत्र मात्र विश्वासू माणसाच्या हाती जाणार होतं. त्यात टॉमसन गायब. एमा थेट 'बायको' होते, मूल 'आपलं' होतं. अशी पत्रं जाळून टाक, असं तो तिला बजावत असे. तिची पत्रं तो स्वतः जाळत होता. तिने त्याची जाळली नाहीत.

हत्तीचे दाखवायचे दात १८०४च्या पत्रात आहेत. पण ते नीट बसलेले नाहीत. १३ मे १८०३ रोजी मॅरिलबोनच्या चर्चमध्ये 'होरेशिया नेल्सन टॉमसन' असा बाप्तिस्मा झाला, तेव्हा जन्मतारीख २९ ऑक्टोबर १८०० लिहवली. इटली तर ही मंडळी त्या वर्षीच्या उन्हाळ्यातच सोडून निघाली होती! म्हणजे दोन्ही कागद खरे मानले, तर मूल जन्मण्याआधीच हवाली झालं. इतक्या सावध माणसाने दोन खोट्यांची गाठ घालून पाहिली नाही.

१६ मे १८०५च्या पत्रातला सूर मला जास्त खटकतो. मिसेस गिब्सन या दाईने मुलीला चार वर्षं सांभाळलं होतं. मुलगी सोपवली की या दाईला तहहयात सालीना २० पौंड. पण कोणत्याही सबबीवर अडवून धरली, तर एक फार्दिंगसुद्धा देणं लागत नाही, असं नेल्सनने लिहिलं. जिला सगळ्यात जास्त ठाऊक, तिच्याशी असा रोखठोक सौदा.

ट्रफल्गारच्या लढाईच्या दिवशी, २१ ऑक्टोबर १८०५ला, मरण्यापूर्वी नेल्सनने एमा आणि 'दत्तक कन्या' होरेशिया यांना देशाच्या ओटीत घातलं. देशाने ओटी झटकली. कर्जात बुडालेली एमा कॅलेला पळाली. त्याच वर्षी, १८१४मध्ये, त्याची तिला लिहिलेली पत्रं लंडनमध्ये दोन खंडांत छापून आली; ती चोरीला गेली होती, छापण्याशी माझा संबंध नाही, असं एमा शपथेवर सांगत राहिली. १५ जानेवारी १८१५ला ती गेली. सोबत तेरा वर्षांची होरेशिया होती, पण आईचं नाव एमाने तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढे १८४९मध्ये पेटिग्रूने नेल्सनचं चरित्र छापलं. जाळायला सांगितलेली पत्रं त्यात होती. होरेशिया तेव्हा पाद्री फिलिप वॉर्डची बायको, मुलाबाळांची आई. बाप नेल्सन, हे तिने मानलं. आई एमा, हे कधीच नाही.

६ मार्च १८८१ला पिनरमध्ये ती वारली. कबरीच्या दगडावर आधी 'दत्तक कन्या' कोरलं होतं; पुढे ते बदलून 'लाडकी कन्या' केलं. आईचं नाव तेव्हाही घातलं नाही.