सायकलीवरून दिसणारा बुलढाणा

वाहन जितके वेगवान, तितका वाटेवरचा प्रदेश दृष्टिआड होतो. बुलढाणा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावरून धावणाऱ्या प्रवाशाला सिंदखेडराजा व मेहकर ही केवळ फलकावरची नावे ठरतात. त्या मार्गावर सायकलीला मज्जाव आहे. पण हा जिल्हा खऱ्या अर्थाने पाहावयाचा, तर जुन्या रस्त्यांनी आणि सायकलीनेच पाहिला पाहिजे.

लोणारचेच उदाहरण घ्या. भोवतालचे पठार सपाट असल्याने सरोवराची दुरून चाहूल लागत नाही. आघाताने बाहेर फेकल्या गेलेल्या दगडमातीमुळे विवराची कड मात्र आसपासच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंचावलेली आहे. मोटारीतल्या माणसाला ही चढण जाणवतही नाही. सायकलस्वाराच्या पोटऱ्यांना ती कळते. उल्कापाताचा पुरावा असा प्रथम पायांना मिळतो आणि मग सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर डोळ्यांसमोर उघडते. तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी. वर गोमुखाशी मात्र गोड्या पाण्याची धार! जून २०२० मध्ये हे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखविले. त्याच वर्षी ते रामसर स्थळांच्या यादीत आले.

सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानापाशी १२ जानेवारीला अलोट गर्दी लोटते. परंतु १६२९ मध्ये देवगिरीवर दगाफटक्याने मारले गेलेल्या लखुजी जाधवरावांची भव्य समाधी आणि शिल्पांनी नटलेली पुतळा बारव निवांतपणे पाहणारे किती? मेहकरची शारंगधराची मूर्ती तर १८८८ पर्यंत जमिनीच्या पोटातच होती. बुलढाणा-खामगाव रस्त्यावर ज्ञानगंगेचे अरण्य लागते. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो कोसांची पायपीट करून २०१९ च्या अखेरीस येथे पोहोचला होता. सावकाश चालणाऱ्यालाच मुलूख कळतो, हे जणू त्याने सिद्ध केले!

नाशिकच्या द्राक्षमळ्यांनी आणि तेथील मद्यनिर्मितीने प्रवाशांना आकृष्ट केले. जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा हंगाम साधून लोक तेथे जातात. तिकडे सायकलीने फिरणाऱ्याने चाखणे आणि चालविणे यांची गल्लत करू नये, एवढेच सांगणे पुरे. आपल्याकडे द्राक्षमळ्यांचे ते आकर्षण नाही. पण हंगाम ओळखण्याचा धडा घेण्यासारखा आहे. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ येथे उत्तम. पहाटे निघावे, पाणी भरपूर न्यावे, घाट उतरण्यापूर्वी ब्रेक तपासावेत आणि अरण्यातील रस्ता उन्हे कलण्यापूर्वी मागे टाकावा.

शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागांतील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. त्या सायकलींची धाव शाळेच्या फाटकाशीच का थांबावी? वर्षातून एक रविवार शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह जवळच्या बारवेपर्यंत, देवळापर्यंत वा तळ्यापर्यंत जावे. आज कित्येक बारवांत कचरा साचतो आणि कोरीव दगड उघड्यावर झिजतात. जे कोणी पाहत नाही, त्याची राखणही कोणी करीत नाही. जिल्ह्याचा हा ठेवा वाचवावयाचा, तर तो प्रथम आपल्या मुलांच्या नजरेस पडला पाहिजे. आणि त्यासाठी लागणारे वाहन त्यांच्या दाराशी आधीच उभे आहे.