लेबलावरील 'अल्कोहोल' : मद्य की मेण?

गतवर्षी हिवाळ्यात साठीच्या एक रुग्णा चिकित्सालयात आल्या. पायांची त्वचा रूक्ष, भेगाळलेली. रात्री कंडू असह्य. स्नेहाभ्यंग सांगितला आणि जाता जाता सूचना केली, "अल्कोहोल असलेले काहीही लावू नका." पंधरा दिवसांनी त्या परतल्या तेव्हा त्वचा अधिकच बिघडली होती. नातीने लेबल वाचले, त्यात 'सेटिल अल्कोहोल' दिसले, म्हणून वर्षानुवर्षे मानवलेले क्रीम त्यांनी टाकून दिले होते. त्याऐवजी एक 'हर्बल' टोनर सुरू केले. हर्बल म्हटल्यावर त्याचे लेबल कोणी वाचलेच नाही. मी वाचले. पाण्याखालोखाल 'अल्कोहोल डिनॅट'! दोष माझ्या मोघम सूचनेचा होता.

रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका द्रव्याचे नव्हे, कुळाचे नाव आहे. आपले ग्लिसरीनही त्याच कुळातले. लेबलावर नुसते 'अल्कोहोल', 'अल्कोहोल डिनॅट' वा 'एसडी अल्कोहोल' असेल, तर ते इथेनॉल समजावे. आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याचेच भावंड. ही द्रव्ये झपाट्याने उडून जातात आणि त्वचेवरील नैसर्गिक स्नेह हरण करतात. चरकाचार्यांनी मद्याच्या दहा गुणांत रूक्ष व तीक्ष्ण यांची गणना केली आहे, तिचा येथे बाहेरून प्रत्यय येतो.

सेटिल, स्टिअरिल आणि या दोहोंचे मिश्रण असलेले सिटिअरिल अल्कोहोल यांची प्रकृती अगदी विरुद्ध. फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल यांनी १८१७ मध्ये व्हेल माशाच्या मेणापासून सेटिल अल्कोहोल वेगळे केले. 'सेटिल' हे नावही व्हेलच्या लॅटिन नावावरून आले. आता ते बहुधा पाम वा खोबरेल तेलापासून बनते. हे पांढरे, मेणचट द्रव्य सुमारे ४९ अंश सेल्सिअसला वितळते. सिक्थतैलाला मेण जसा घट्टपणा देते, तसाच हे क्रीमला देते. शिवाय तेल-पाण्याचे मिश्रण फुटू देत नाही. म्हणून 'अल्कोहोल-फ्री' डबीवर सिटिअरिल अल्कोहोल आढळले, तर ग्राहकाची फसवणूक झाली असे औषधविक्रेत्यांनी मानू नये.

अपवाद आहेत. लोकरीच्या मेणापासून काढलेले लॅनोलिन अल्कोहोल जुनाट विचर्चिकेच्या काही रुग्णांना सोसत नाही. मोगरा-जाईच्या सुगंधात असणारे बेंझिल अल्कोहोल परिरक्षक म्हणून वापरतात. तेही क्वचित ॲलर्जी आणते.

सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलावर घटकद्रव्ये प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात. १ टक्का वा त्याहून कमी असलेली शेवटी, कोणत्याही क्रमाने. इथेनॉल पहिल्या तीन-चारांत असेल तर रूक्ष त्वचेस ते वर्ज्य. आपल्याच कित्येक आयुर्वेदिक मलमांवर मात्र वनस्पतींची तपशीलवार यादी आणि शेवटी केवळ 'क्रीम बेस' एवढेच असते. त्या बेसमध्ये काय आहे, हे उत्पादकास विचारण्याचा संकोच आपण का करावा?

हल्ली मी टाळावयाच्या द्रव्यांची नावेच चिठ्ठीवर लिहून देतो. त्या रुग्णेने जुने क्रीम पुन्हा आणले, तिळतेलाचा अभ्यंगही चालू आहे. उरलेल्या टोनरने नात आरसा पुसते.