‘टोस्का’च्या चार ध्वनिमुद्रिका

जाकोमो पुच्चीनी या इटालियन संगीतकाराची ‘टोस्का’ ही संगीतिका १४ जानेवारी १९०० रोजी रोमच्या कोस्तान्झी नाट्यगृहात प्रथम रंगभूमीवर आली. त्यानंतर तिची इतकी ध्वनिमुद्रणे झाली आहेत की, यांतील कोणते ऐकावे हा प्रश्न नव्या श्रोत्याला पडल्यावाचून राहत नाही. रसिकांत यावर वाद होतात, आणि ते बहुधा गळ्यावरून होतात. अमकीचा आवाज गोड, तमक्याचा वरचा सूर बुलंद! परंतु ‘टोस्का’ ही केवळ गळ्याची परीक्षा नव्हे. चार मुद्रिका शेजारी ठेवून ऐकल्या म्हणजे ही गोष्ट फार स्पष्ट होते.

प्रथम कथा सांगणे अवश्य आहे. काळ जून १८०० चा, स्थळ रोम. फ्लोरिया टोस्का ही नामांकित गायिका. तिचा प्रियकर काव्हारादोस्सी हा चित्रकार. तो तुरुंगातून निसटलेल्या एका राजकीय कैद्याला आश्रय देतो. पोलीस प्रमुख स्कार्पिया याला कैदी हवा असतो आणि टोस्काही हवी असते. तो चित्रकाराला पकडून शेजारच्या दालनात त्याचे हाल करवितो आणि त्याच्या किंकाळ्या टोस्काला ऐकवितो. अखेर सौदा ठरतो: प्रियकराचा जीव हवा असेल तर तिने वश व्हावे. ती होकार देते, आणि सुटकेचे पत्र लिहून होताच जेवणाच्या मेजावरील सुरी त्याच्या छातीत खुपसते. मग त्याच्या दोन्ही बाजूंस मेणबत्त्या आणि छातीवर क्रूस ठेवून निघून जाते. पहाटे किल्ल्यावर लुटुपुटीचा म्हणून ठरलेला गोळीबार खराच ठरतो, आणि टोस्का तटावरून उडी घेते.

आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद संपतो आणि पद सुरू होते. पद तेवढे तबकडीवर घेतले तरी ते स्वतःच्या पायांवर उभे राहते. ‘टोस्का’त असे वेगळे गद्य नाही. धमकी, याचना, दाराची चाहूल, लेखणीची कुरकुर, सारे वाद्यवृंदातच आहे. म्हणून येथे संचालकाचे काम गायकाला साथ देण्याचे नसून नाटक चालविण्याचे असते. दुसऱ्या अंकात टोस्का देवाला जाब विचारते ते ‘विस्सी दार्ते’ हे गीत स्वतंत्रपणे पुष्कळांनी सुंदर गायिले आहे. परंतु त्याच्या आधीचा छळाचा प्रवेश कसा चढत गेला यावर त्याची खरी किंमत ठरते.

पहिली मुद्रिका १९३८ ची. कोस्तान्झी नाट्यगृहाचेच पुढे रोमचे ऑपेरा हाउस झाले. तेथील वाद्यवृंद व गायकवृंद हिच्यात आहेत आणि संचालक ऑलिव्हिएरो दे फाब्रितीइस आहेत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपे. जवळजवळ दोन तासांचे नाटक पंचवीस-तीस बाजूंवर तुकड्या-तुकड्यांनी घ्यावे लागले. तरीही ही मुद्रिका ऐकावी ती बेन्यामिनो जीलीसाठी. त्याचा आवाज मधासारखा आहे. हुंदके मात्र तो सढळ हाताने टाकतो, आणि मरणाच्या दारातील चित्रकाराऐवजी लोकांचा लाडका जीलीच समोर उभा राहतो. मारिया कानील्याची टोस्का तडफदार आहे. बोर्जोलीचा स्कार्पिया दुष्ट आहे खरा, पण त्याची भीती वाटत नाही.

दुसरी ऑगस्ट १९५३ ची, मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात घेतलेली. टोस्का मारिया कॅलस, वय २९; काव्हारादोस्सी जुझेप्पे दी स्तेफानो; स्कार्पिया टीटो गोब्बी; संचालक व्हिक्टर दे साबाता. मुद्रण एकमार्गी, म्हणजे सारा ध्वनी एकाच दिशेने येणारा. ऐकताना असे वाटते की, सारे एका दमात, अंगावर येऊन घडले असावे. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. निर्माते वॉल्टर लेग यांनी लिहून ठेवले आहे की, पहिल्या अंकातील आपला भाग गोब्बीला तीस वेळा गावा लागला, आणि स्कार्पियाच्या प्रेताजवळ टोस्का जे एकच वाक्य उच्चारते त्यावर कॅलसबरोबर अर्धा तास खर्ची पडला. ते वाक्य एकाच सुरावरचे, जवळजवळ बोललेले आहे. त्यात गाणे कसले? पण तो अर्धा तास वाया गेला नाही, हे ऐकणाऱ्याला पटते.

याच मुद्रिकेत पहिल्या अंकाचा शेवट नीट ऐकावा. चर्चमध्ये ‘ते देउम’ हे लॅटिन स्तोत्र सुरू आहे. हे देवाच्या उपकारस्मरणाचे स्तोत्र आहे, आणि येथे ते नेपोलियनचा पराभव झाल्याच्या खोट्या वार्तेवरून गायिले जात आहे. मारेंगोच्या लढाईत प्रत्यक्षात तोच जिंकलेला असतो. मोठ्या घंटेचे दोन सूर आळीपाळीने पडत राहतात, तोफा वाजतात, मिरवणूक पुढे सरकते, आणि त्या पवित्र गजरात स्कार्पिया आपली वासना व सूड यांचा बेत गातो. संत पीटरच्या मोठ्या घंटेचा सूर कोणता याची पुच्चीनीने मुद्दाम चौकशी केली होती. दे साबाता हा प्रसंग घाईने चढवीत नाही. पायरी पायरीने वर नेतो आणि टोकाशी पोहोचेपर्यंत श्रोत्याला श्वास घेऊ देत नाही. त्याच वर्षी पुढे त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याचे संचालन जवळजवळ थांबले. व्यापारी मुद्रणासाठी त्याने केलेली ही एकमेव संपूर्ण संगीतिका होय.

तिसरी १९६२ ची, व्हिएन्नाची. संचालक हर्बर्ट फोन कारायान, निर्माते जॉन कलशॉ. आता मुद्रण द्विमार्गी झाले होते. घंटा जवळच्या कोणत्या, लांबच्या कोणत्या हे कानाला कळते. टोस्का आहे लिऑंटीन प्राइस. मिसिसिपी राज्यात जन्मलेल्या या कृष्णवर्णी गायिकेने १९५५ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर हीच भूमिका केली, तेव्हा दक्षिणेकडील काही केंद्रांनी तो कार्यक्रम दाखविण्याचे नाकारले होते. आवाजाच्या श्रीमंतीत चारही टोस्कांत तिचा क्रमांक पहिला लावावा लागेल. ताद्देईचा स्कार्पिया मऊ बोलतो आणि म्हणूनच अंगावर काटा आणतो. दी स्तेफानो मात्र नऊ वर्षांत थकला आहे. १९५३ मध्ये सहज फेकलेले सूर येथे जोर लावून काढावे लागतात. कलशॉ सांगतात की, एका अवघड जागी कारायानने दे साबाताची मुद्रिका लावून ऐकली आणि म्हटले की, ते बरोबर आहे, पण आपल्याला तसे करता येणार नाही. कारायान हा काही नम्रपणाबद्दल प्रसिद्ध असलेला गृहस्थ नव्हता.

चौथी मुद्रिका डिसेंबर १९६४ मध्ये पॅरिसला झाली. संचालक जॉर्ज प्रेत्र, काव्हारादोस्सी कार्लो बेर्गोन्झी, स्कार्पिया पुन्हा गोब्बी, टोस्का पुन्हा कॅलस. बेर्गोन्झीचे गायन चारही नायकांत सर्वांत रेखीव. कॅलसचा आवाज मात्र वरच्या सुरांवर हलतो, कोठे कोठे चिरकतो. हे झाकण्यात अर्थ नाही. अनेक रसिक एवढ्यावरून ही मुद्रिका बाजूला सारतात. तो न्याय पुरता नव्हे. दुसऱ्या अंकात स्कार्पियाशी बोलताना तिचा प्रत्येक शब्द अधिक तीक्ष्ण झाला आहे. १९५३ मध्ये एक तरुणी घाबरून झुंजते, येथे समोरच्याला ओळखून चुकलेली स्त्री झुंजते. उणे आहे ते संचालनात. प्रेत्र प्रसंगाप्रसंगाने धावतो, दे साबातासारखा धागा धरून ठेवीत नाही.

ज्याला एकच मुद्रिका घ्यावयाची असेल त्याने १९५३ ची घ्यावी. दोन संध्याकाळी मोकळ्या असतील तर एके दिवशी तिचा दुसरा अंक ऐकावा आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसचा. त्या पॅरिसच्या मुद्रणानंतर, ५ जुलै १९६५ रोजी, लंडनच्या कव्हेंट गार्डन नाट्यगृहात कॅलसने टोस्का उभी केली. पुढे १९७७ मध्ये ती वारली; त्या बारा वर्षांत ती पुन्हा कोणत्याही संगीतिकेत रंगमंचावर आली नाही.